ग्रेडचा आकडा मोठा की नाणं देखणं?

टांकसाळ (धागाकर्ता):
"आकडा जास्त ते नाणं चांगलं, स्लॅबबाहेरच्या चांदीकडे बघूही नका," असा सल्ला परवा एका नवख्याला दिला गेला. (स्लॅब म्हणजे तपासणाऱ्या संस्थेने दर्जाचा आकडा, म्हणजे ग्रेड, लिहून नाणं बंद केलेली प्लास्टिकची डबी.) तो वाचून राहवलं नाही, म्हणून हा धागा.

नाण्याच्या दर्जाचं १ ते ७० चं हे माप शेल्डन या अमेरिकी नाणेतज्ज्ञाने १९४९ मध्ये मांडलं ते अमेरिकेच्या जुन्या तांब्याच्या सेंटसाठी. आकडा किमतीशी बांधलेला होता: ७० दर्जाचं नाणं १ दर्जाच्या सत्तरपट मोलाचं. चांदीला ते नंतर लागू झालं.

एक एयू-५८ (जेमतेम वापरलेला) आणि एक एमएस-६१ (न वापरलेला) मॉर्गन डॉलर, म्हणजे लिबर्टीदेवीचं मुख असलेलं अमेरिकेचं जुनं चांदीचं नाणं, शेजारी ठेवा. पहिल्याच्या कानावरच्या केसांना किंचित झीज, बाकी मोकळा भाग स्वच्छ आणि झळाळी जिवंत. दुसरं वापरात गेलेलंच नाही, पण हजार-हजार नाण्यांच्या पोत्यांत आपटून लिबर्टीचा गाल पार खरवडलेला. आकडा तीनने जास्त, पण बघवत नाही. मी तसलं एक ६१ नुसता आकडा वाचून घेतलं होतं. वर्षभर कपाटातून बाहेर काढलं नाही.

भिंगधारी:
सपशेल असहमत. तो सल्ला मीच दिला होता आणि पुन्हा देईन. नाणी तपासून ग्रेड देणाऱ्या संस्थांपैकी पीसीजीएस १९८६ मध्ये आली, एनजीसी १९८७ मध्ये. त्याआधी विकताना 'अनसर्क्युलेटेड' असलेलं नाणं परत घ्यायच्या वेळी 'थोडं वापरलेलं' व्हायचं. डोळ्यांवर विसंबून मी सात वर्षं नाणी घेतली. पुढे तपासायला पाठवली तेव्हा निम्म्याहून जास्त 'साफ केलेलं' असा शेरा घेऊन परत आली, आकडाच नाही! नवख्याने हे का सोसावं? शिवाय देखणेपणा आकड्यात धरलेलाच असतो.

टांकसाळ:
धरलेला असतो, तर एनजीसी देखण्या नाण्यांना आकड्याशेजारी वेगळा तारा का देते? एकाच ग्रेडची दोन नाणी दिसायला सारखी नसतात, हे त्यांनाही मान्य आहे.

भिंगधारी:
ताऱ्याचं ठीक. पण न्यू ऑर्लिन्सच्या टांकसाळीचा १८९२ चा डॉलर नवख्याच्या हातात द्या. कानावरचे केस सपाट दिसले की तो 'झिजलंय' म्हणून बाजूला ठेवेल. ठसाच कमजोर उठलाय हे त्याला कोण सांगणार?

टांकसाळ:
झळाळी सांगेल. एका दिव्याखाली नाणं हळूहळू फिरवा. ठसा बसताना धातू कडेकडे सरकतो, त्याच्या बारीक रेषांवरून उजेडाचा पट्टा चाकाच्या आऱ्यांसारखा फिरतो. सपाट भागावरूनही तो तसाच गेला तर ठसा कमजोर. तिथे येऊन विझला, करडा डाग दिसला, तर झीज. दहा नाणी अशी बघितली की नजर तयार होते. लेबल वाचून ती तयार होत नाही.

रुपेरी:
मला दोघांशीही भांडायचंय. झळाळी झळाळी करता, पण सव्वाशे वर्षांची चांदी पांढरीफटक असेल तर ती बहुधा डिप केलेली, म्हणजे रसायनात बुडवून उजळलेली. काळपट थर म्हणजे चांदीचंच सल्फाइड. थायोयुरिया आणि आम्लात तो विरघळतो तेव्हा वरच्या थरातली चांदीही जाते. दोन-तीनदा बुडवा, त्या बारीक रेषाच उरत नाहीत. तरी 'धुतलेल्या' नाण्यांना उत्तम ग्रेड मिळतात, याची चीड येते.

माझ्या मामांनी आजोबांचं नाणं मला भेट द्यायच्या आदल्या रात्री टूथपेस्टने घासलं. प्रेमापोटीच. आता भिंगाखाली ते केसाएवढ्या ओरखड्यांचं जाळं आहे. चाळीस वर्षांत आलेली निळसर छटा पाच मिनिटांत गेली.

भिंगधारी:
टूथपेस्ट आणि डिप एकाच तागडीत घालू नका. आणि तुम्हा रंगवाल्यांच्या हौसेपायीच गंधक लावून, तापवून बनवलेली इंद्रधनुष्यं विकली जातात. तुमच्या संग्रहातली किती खरी आहेत, छातीठोक सांगाल?

रुपेरी:
सांगेन! थर जाड होत जातो तसा रंग क्रमाने बदलतो: पिवळा, मग लालसर-जांभळा, मग निळा. बहुतेकदा कडेला गडद, मध्याकडे फिका. घाईने चढवलेल्या रंगात हा क्रम तुटतो, रंग वर तरंगल्यासारखा दिसतो. मी वीस वर्षं हेच बघतेय. माझ्या नाण्यांवर संशय घेण्याआधी एकदा ती बघा तरी.

जुना_गडी:
आवाज खाली घ्या दोघांनी. पीव्हीसीच्या पाकिटातला हिरवा चिकट थर असेल तर शुद्ध अ‍ॅसिटोनमध्ये भिजवा. तो धातूला धक्का लावत नाही. हे साफ करणं नुकसानीत मोडत नाही. बाकी डिपबद्दल रुपेरीताईंचं बरोबर आहे, एकदा गेलेली झळाळी परत येत नाही.

भिंगधारी:
संशय घेतला ते चुकलं, रुपेरीताई. शब्द मागे घेतो.

टांकसाळ, काल रात्री पाच मॉर्गनच्या लेबलांवर कागद चिकटवले, नाणी मिसळली आणि आवडीप्रमाणे लावली. पहिलं आलं ते ६२. माझं लाडकं ६४ तिसरं. दोनदा करून पाहिलं, क्रम तोच. तुमचं म्हणणं एवढ्यापुरतं मानतो. पण न बघता, दुरून घ्यायचं नाणं मी स्लॅबमधलंच घेणार, आणि नवख्यालाही तेच सांगणार.