जगबुडीची गोष्ट हसत हसत सांगावी का? ‘गुड ओमेन्स’ वाचल्यानंतरची चर्चा

पंचवटीकर (धागाकर्ता)

टेरी प्रॅचेट आणि नील गेमन यांनी मिळून लिहिलेली ‘गुड ओमेन्स’ ही इंग्रजी कादंबरी १९९० साली प्रसिद्ध झाली. आमच्या नाशिकच्या वाचकगटाने ती गेल्या महिन्यात वाचायला घेतली आणि जगबुडीवर आणि देवावर असा विनोद करावा की नाही, यावरून शेवटच्या बैठकीत सरळ दोन तट पडले. बैठकीत मला जे नीट मांडता आले नाही, ते इथे सविस्तर लिहितो. ज्यांना पटणार नाही त्यांनी ते जरूर खोडून काढावे.

ज्यांनी ती वाचलेली नाही त्यांच्यासाठी कथानक थोडक्यात सांगतो. ख्रिस्ती परंपरेत वर्णिलेला जगाचा अंत येत्या शनिवारी व्हायचा आहे. त्यासाठी सैतानाचे मूल अकरा वर्षांपूर्वीच पृथ्वीवर पाठवलेले असते, पण मठातल्या जोगिणींच्या हातून बाळांची अदलाबदल चुकते आणि ते मूल एका अमेरिकी मुत्सद्द्याच्या घरी न जाता ऑक्सफर्डशायरमधल्या टॅडफील्ड नावाच्या खेड्यात, चारचौघांसारख्या एका घरात वाढते. अझिराफेल हा देवदूत आणि क्राउली हा नरकाचा दूत यांना सहा हजार वर्षांच्या वास्तव्यात पृथ्वीचा इतका लळा लागलेला असतो, की हे जग बुडू नये म्हणून दोघे गुपचूप हातमिळवणी करतात. मात्र अकरा वर्षे ते भलत्याच मुलावर लक्ष ठेवून बसतात.

माझ्या मते कादंबरीचा गाभा कुत्र्याच्या प्रसंगात आहे. टॅडफील्डमध्ये वाढलेल्या त्या मुलाच्या, म्हणजे ॲडमच्या, अकराव्या वाढदिवशी नरकातून एक अक्राळविक्राळ श्वान त्याच्याकडे धाडला जातो. मालक जे नाव ठेवील त्यावर त्या श्वानाचा स्वभाव आणि त्याचे काम ठरणार असते. तो झुडपाआड लाळ गाळत उभा असताना ॲडम आपल्या सवंगड्यांना सांगत असतो, की मला लहानसा, सशाच्या बिळात शिरू शकेल असा, एक कान उलटा पडलेला कुत्रा हवा आहे आणि त्याचे नाव मी नुसतेच ‘डॉग’ ठेवणार आहे. ते शब्द कानी पडताच तो श्वान आकसत आकसत अगदी तसाच होतो. जगाचा नाश तिथेच टळायला सुरुवात होते, आणि तीही एका पोराने केलेल्या बारशामुळे. हा प्रसंग वाचताना मी मोठ्याने हसलो आणि त्याच वेळी माझे डोळे भरून आले. स्वर्ग आणि नरक या दोन्ही कचेऱ्यांना युद्धच हवे आहे. ज्यांना जुन्या पुस्तकांचे दुकान, बदकांचे तळे आणि आवडती मोटार ठाऊक आहे, त्यांनाच तेवढे हे जग राहावेसे वाटते. आपण काय गमावणार आहोत हे या कादंबरीत विनोदामुळेच जवळून दिसते, असे माझे ठाम मत आहे.

देवाशी सलगीने बोलणे हे पाप आहे, असे मराठी माणसाने तरी म्हणू नये. जनाबाईने विठ्ठलाला शिव्या दिल्या आहेत आणि नाथांनी भारुडांतून हसवत हसवत वेदान्त सांगितला आहे.

सिन्नरकर

आपली मांडणी मनापासूनची आहे, म्हणून उत्तरही मनापासून देतो. मला ही कादंबरी पटली नाही.

जगाच्या अंताच्या वेळी येणाऱ्या चार घोडेस्वारांपैकी एक दुष्काळ आहे. लेखकांनी त्याला काळ्या सुटातला व्यापारी केला आहे. तो उंची उपाहारगृहांत बसतो आणि पोट भरणार नाही असे अन्न लोकांना विकतो. कल्पना चतुर आहे, हे मान्य. पण १९७२ साली मी नऊ वर्षांचा होतो. आमच्या गावाजवळ दुष्काळी काम निघाले होते. आई खडी फोडायला जायची आणि मी तिच्यासोबत जायचो, कारण तिथे सुकडी मिळायची. घरी रेशनच्या लाल मिलोची, म्हणजे परदेशी ज्वारीची, भाकरी असायची. ती थापताना काठाला चिरत असे आणि गार झाल्यावर दातांनी तुटत नसे. आई स्वतः शेवटी जेवायची आणि बहुतेक वेळा जेवले असे खोटेच सांगायची. या कादंबरीत दुष्काळ आहे, पण मनावर ठसेल असा भुकेने व्याकूळ झालेला एकही माणूस मला त्यात भेटला नाही.

दुसरा आक्षेप शेवटाविषयी आहे. देवदूताचे जळालेले दुकान पुन्हा उभे राहते आणि क्राउलीची जळून खाक झालेली मोटारही नवीकोरी होऊन परत येते. ज्या प्रलयानंतर सगळे होते तसे हाती लागते, त्या प्रलयाची भीती वाचकाला का वाटावी?

मेनरोड

मला अडचण विनोदाचीच आली. लंडनभोवतीचा एम पंचवीस हा वळसा रस्ता वरून पाहिल्यास सैतानी चिन्हासारखा दिसतो, जुन्या ब्रिटिश नाण्यांचा हिशोब किती किचकट होता, अशा गोष्टींवर पानेच्या पाने आणि तळटिपा खर्च झालेल्या आहेत. ज्यांनी तो रस्ता पाहिलेला नाही त्यांनी नेमके कशावर हसायचे?

तळटीप

मेनरोड यांना एवढेच सांगेन की संध्याकाळी सात वाजता नाशिकच्या द्वारका चौकात गाडीसकट अडकलेल्या माणसाला एम पंचवीसचा विनोद कुणी समजावून सांगावा लागत नाही. गाडीत बसलेल्या शेकडो माणसांच्या मनात साठणारा रोजचा बारीकसारीक राग हेच नरकाचे खरे भांडवल, ही क्राउलीची कल्पना आहे आणि ती कोणत्याही शहरात चालते.

मला मात्र वेगळ्याच गोष्टीविषयी लिहायचे आहे. मी हौसेने या कादंबरीची काही पाने मराठीत करून पाहिली. तेव्हा लक्षात आले की यातला विनोद नुसत्या प्रसंगांत नसून छपाईच्या अक्षरांतसुद्धा आहे. मृत्यू हे पात्र जे काही बोलते ते सगळे मोठ्या लिपीतल्या अक्षरांत छापलेले असते. देवनागरीत लहान आणि मोठी लिपी असा भेदच नाही. ठळक ठसा वापरला तर तो वर्तमानपत्राच्या मथळ्यासारखा दिसतो. अखेर मी मृत्यूच्या तोंडची वाक्ये क्रियापदाविना, ताम्रपटावर कोरल्यासारखी लिहून पाहिली. थोडेफार जमले, पण इंग्रजीत पान उघडताक्षणीच जो थंडावा जाणवतो तो काही आला नाही.

दुसरी अडचण त्याहून गंभीर आहे. शेवटच्या प्रसंगात युद्धाला उतावीळ झालेले दोन्ही पक्ष ‘महायोजने’चा दाखला देतात, तेव्हा अझिराफेल अगदी नम्रपणे विचारतो, की ही महायोजना म्हणजेच ईश्वराची शब्दातीत योजना आहे का. कुणालाच उत्तर देता येत नाही. अख्खी कादंबरी त्या एका प्रश्नावर तोललेली आहे. इथे मी ज्याला ‘शब्दातीत’ म्हटले त्या मूळच्या ‘इनेफेबल’ या शब्दासाठी मराठीत चटकन ‘अनिर्वचनीय’ सुचतो, पण अद्वैत वेदान्तात जे सत् म्हणता येत नाही आणि असत्‌ही म्हणता येत नाही अशा मायेला अनिर्वचनीय म्हणतात. म्हणजे तो शब्द वापरला की ईश्वराचा संकल्पच माया ठरतो. मी शेवटी ‘अतर्क्य’ ठेवला. कुणाला याहून चांगला शब्द सुचत असेल तर अवश्य सांगावा.

देवळालीकर

मी हे पुस्तक मध्येच बंद केले आणि त्याचे कारण सांगणे मला आवश्यक वाटते. चार घोडेस्वारांत रोगराई नाही. पेनिसिलिनच्या नावाने कुरकुरत ती १९३६ साली निवृत्त झाली आणि तिच्या जागी प्रदूषण आले, असे लेखक सांगतात. १९९० साली हे वाक्य वाचून लोक हसले असतील. मी ते वाचले आणि मला एप्रिल २०२१ आठवला. त्या महिन्यात माझा भाऊ आणि मी ऑक्सिजनच्या सिलिंडरसाठी सलग दोन रात्री रांगेत उभे होतो. तिसऱ्या दिवशी सकाळी सिलिंडर मिळाला, पण तोवर बाबा गेले होते. त्या ओळीपुढे मला वाचता आले नाही. लेखकांचा त्यात काही दोष आहे असे मी म्हणत नाही, परंतु विनोदाचेही वय होते आणि तो म्हातारा झाल्यावर कुणाला तरी लागतो.

पंचवटीकर

देवळालीकर ताई, तुम्ही जे लिहिले त्यावर माझ्याकडे प्रतिवाद नाही. त्या ओळीवरून मी सहज पुढे गेलो होतो, याची मला खंत वाटते.

सिन्नरकर काका, तुमच्या पहिल्या आक्षेपावर मी दोन दिवस विचार केला. दुसरा आक्षेप मात्र मला मान्य नाही. आपल्या नाशिकला पूर मोजायला गोदावरीच्या पात्रातली दुतोंड्या मारुतीची मूर्ती लागते. पाणी मारुतीच्या गुडघ्याला, कमरेला, छातीला लागले, अशा भाषेत गावभर निरोप फिरतात आणि पाणी काठावरच्या नारोशंकराच्या देवळातल्या घंटेपर्यंत जाण्याचे नाव निघाले की जुनी माणसे गप्प होतात. २ ऑगस्ट २०१६ च्या पुरात माझ्या मामांच्या भांडी बाजारातल्या दुकानात पाणी शिरले. दुसऱ्या दिवशी आम्ही मदतीला गेलो, तेव्हा मामा पायरीवर बसून पितळी पातेल्यातला गाळ हाताने उपसत होते. मला पाहून म्हणाले, “ये, गोदामाई रात्रभर भांडी घासत होती, विसळायची तेवढी आपल्यासाठी ठेवून गेली.” आजूबाजूचे सगळे दुकानदार हसले. त्या हसण्याने नुकसान तसूभरही कमी झाले नाही, पण पुढची पातेली उचलायला हात सरसावले. मी या कादंबरीतल्या विनोदाची जात तीच मानतो.

सिन्नरकर

तुमचे मामा हसले ते स्वतःच्या नुकसानीवर. तो अधिकार त्यांचा आहे आणि त्यांच्या धीराला माझा नमस्कार. माझी आई मिलोच्या भाकरीवर हसली असती तर मीही तिच्याबरोबर हसलो असतो. पण आरामात बसलेल्या माणसाने दुसऱ्याच्या दुष्काळाला सूट चढवून त्याचे पात्र करावे, यात आणि त्या हसण्यात मला फार अंतर दिसते. ज्याने सोसले त्याने हसावे. इतरांनी निदान आधी सोसणाऱ्याचा चेहरा तरी दाखवावा.

गंगापूर रोड

चर्चा हसण्याच्या अधिकारावर आली आहे, पण मला वाटते त्याआधी एक गोष्ट तपासायला हवी. हा जो अंत आहे तो आपल्याला अंत वाटतो का? ख्रिस्ती परंपरेत काळ एका दिशेने जातो. बायबलच्या अखेरच्या पुस्तकात चार घोडे येतात, पांढरा, तांबडा, काळा आणि फिकट, आणि त्या चार स्वारांपैकी नाव घेऊन उल्लेख फक्त मृत्यूचा आहे. त्यानंतर निवाडा होतो आणि हे जग कायमचे मिटते. आपल्याकडे कलियुगच ४,३२,००० वर्षांचे, ब्रह्मदेवाचा दिवस ४३२ कोटी वर्षांचा, आणि प्रलयानंतर पुन्हा नवी पहाट ठरलेली. त्यामुळे मूळ वाचकाला भीतीच्या पोटात जो विनोद सापडतो, त्यातला विनोद आपल्या हाती लागतो आणि भीती निसटते. सिन्नरकरांना शेवट स्वस्त वाटला याचे एक कारण हेही असावे. सगळे पूर्ववत होणे ही आपल्यासाठी रीतच आहे; त्यांच्यासाठी तो नियमभंग आहे, आणि तो नियम एक अकरा वर्षांचा मुलगा मोडतो.

एक साम्य मात्र मला विलक्षण वाटले. महाभारतातल्या वनपर्वात मार्कंडेय ऋषी प्रलयाच्या पाण्यात एकटे भटकत असताना त्यांना वडाच्या फांदीवर एक बालक दिसते आणि त्या बालकाच्या पोटात सगळे जग सुरक्षित असलेले त्यांना आढळते. इथेही सगळे बुडायची वेळ येते तेव्हा समोर मूलच उभे असते. दोन इतक्या दूरच्या परंपरांतल्या गोष्टी शेवटी बालकापाशीच का थांबाव्यात, यावर कुणी अभ्यासकाने लिहिलेले वाचायला मला आवडेल.

पंचवटीकर

वनपर्वाचा हा धागा माझ्या ध्यानात आला नव्हता, आभारी आहे. मात्र एक भेद मला महत्त्वाचा वाटतो. मार्कंडेयांना दिसलेला बालक सर्वज्ञ आहे. ॲडमला काहीच ठाऊक नाही. त्याच्या हाती सगळी सत्ता येते, सवंगड्यांना जगाचे तुकडे वाटून द्यायची भाषा तो करू लागतो आणि त्यांच्या चेहऱ्यावरची भीती पाहून थांबतो. म्हणून काका, मला तो शेवट स्वस्त वाटत नाही. दुकान परत आले ही त्या मुलाची भरपाई आहे. त्याआधी त्याने सोडून दिले ते फार मोठे आहे. भुकेल्या माणसाचा चेहरा त्यात नाही, हे तुमचे म्हणणे मात्र मी मान्य करतो आणि पुढच्या बैठकीत तुमच्या नावानिशी मांडीन.

सिन्नरकर

मांडा. मीही येईन. शेवटाबाबत माझे मत बदललेले नाही.

देवळालीकर

पुस्तक मी अजून पुन्हा उघडलेले नाही, पण धाग्यावर वाचलेला कुत्र्याचा प्रसंग काल रात्री माझ्या मुलीला सांगितला. तीही अकराच वर्षांची आहे. तिला तो फार आवडला. सांगताना मी त्या कुत्र्याचे नाव मोत्या केले, तर ती म्हणाली की मोत्या हे तर कुणाच्याही कुत्र्याचे नाव असते. मग मराठीत काय ठेवावे?

तळटीप

मुलीचे बरोबर आहे, मोत्या चालणार नाही. मोत्या म्हटले की लाडाचे नाव झाले. ॲडम त्याला कोणतेच नाव देत नाही, तो जे आहे तेच त्याला म्हणतो, आणि म्हणूनच त्या श्वानाला दुसरे काही होता येत नाही. मी माझ्या पानांत ‘कुत्रा’ असेच ठेवले आहे. एकवचनी, विशेषनाम म्हणून. “कुत्रा, इकडे ये.” मराठीत संबोधन ‘कुत्र्या’ असे व्हायला हवे, हे मला ठाऊक आहे, पण तसे केले की ती शिवी होते. त्यामुळे इथे मी व्याकरण मुद्दाम मोडले आहे. तुमच्या मुलीला ते कानाला कसे लागते, ते विचारून कळवा.