‘धग’ बोलीमुळे अडते?

वऱ्हाडी बोली पोरांना अडते म्हणून गावच्या वाचनाला ‘धग’ ही कादंबरी नको, असं काही जण म्हणतात. ते मनातल्या मनात वाचणाऱ्यांपुरतं पटतं. आमच्या गावात प्रत एकच अन् वाचणारी माणसं अकरा, म्हणून शनिवारी रात्री पारावर एकानं मोठ्यानं वाचायचं ठरलं. कादंबरीतल्या कौतिकचं बोलणं सुरू झालं तशा कापूस वेचून आलेल्या दोन बाया येऊन टेकल्या. एक तर वाचणाऱ्याचे उच्चारच दुरुस्त करू लागली! उद्धव शेळक्यांची १९६० सालची कादंबरी, पण पोरांना कुठं अर्थ विचारावा लागला नाही.

‘धग’ऐवजी सुचवतात त्या सदानंद देशमुखांच्या ‘बारोमास’ कादंबरीला २००४ चा साहित्य अकादमी मिळालाय, कबूल. पण ती तूर निघाल्यावर घ्या. ऐन हंगामात शेतकऱ्याच्या कर्जाची गोष्ट ऐकायला आमच्याकडं कोणी बसत नाही.