मदत हवी आहे: बहिणीच्या गुडघ्यातलं एसीएल (लिगामेंट) तुटलंय, ऑपरेशन लगेच करावं की थांबावं?

नमस्कार मंडळी,

जरा लांबलचक लिहितोय, सांभाळून घ्या. धाकटी बहीण, वय २१, टी.वाय.ला आहे. कबड्डीत चढाई करते आणि जोडीला पोलीस भरतीची तयारी चालू होती. साडेतीन आठवड्यांपूर्वी मॅटवर सामना होता. बोनस घेऊन ती मागे वळली, डावा पाय मॅटला चिकटल्यासारखा जागेवर राहिला आणि अंग फिरलं. कुणी धरलं नव्हतं, कुणाचा धक्काही नाही. 'कट्ट' आवाज बाकावरच्या मुलींनाही ऐकू गेला. दोन तासांत गुडघा नारळाएवढा.

मग आम्ही शहाणपणा केला. आईच्या आग्रहाखातर हाड बसवणाऱ्याकडे नेऊन दोनदा चोळून आणलं. सूज होती त्याच्या दीडपट झाली. (यावर बोलणी खायची तयारी ठेवूनच लिहितोय.)

एमआरआयमध्ये आलंय: एसीएल पूर्ण तुटलंय, आतल्या बाजूच्या मेनिस्कसला, म्हणजे गादीला, चीर आहे आणि एमसीएल, म्हणजे आतल्या बाजूचं लिगामेंट, थोडं ताणलंय. पहिले डॉक्टर म्हणाले, याच आठवड्यात दुर्बिणीतून करून टाकू. दुसरे म्हणाले, आधी महिनाभर फिजिओ, मग बघू. दुसऱ्यांनी तपासताना मी शेजारीच उभा होतो. गुडघा थोडा वाकवून त्यांनी पोटरीकडचं हाड पुढे ओढलं. चांगल्या पायाला ओढल्यावर गाठ बसल्यासारखं मध्येच थांबतं, या पायाला थांबतच नाही.

दोघांपैकी कुणाचं ऐकावं? तुटलेली टोकं सरळ शिवत का नाहीत? आणि पुन्हा मैदानावर कधी? घरात सध्या रोज याच्यावरच वाद.

प्रतिसाद: माजीखोखोपटू

चोळण्याबद्दल बोलत नाही, आमच्याकडेही तेच झालं होतं. माझं ऑपरेशन होऊन दोन वर्षं झाली. मांडीच्या मागची कंडरा काढून त्याचं नवं लिगामेंट बसवलं. ऑपरेशनचं काही नाही हो, पुढचे नऊ महिने जीव खातात. तिसऱ्या महिन्यात मला वाटलं, झालो की बरा! फिजिओने झापलं. बसवलेली कंडरा तेव्हा आतून कमजोर असते, तिला नव्याने रक्तपुरवठा व्हायचा असतो. दुखत नाही म्हणून माणूस पळायला जातो आणि घात होतो.

प्रतिसाद: गुडघ्याचीफिजिओ

मी फिजिओथेरपिस्ट आहे, पण पाय न बघता सांगतेय हे लक्षात ठेवा.

शिवण्याचं आधी. एसीएल सांध्याच्या आत असतं, मांडीच्या हाडापासून नडगीच्या हाडाच्या पुढच्या भागापर्यंत तिरकं गेलेलं. नडगी पुढे सरकू न देणं आणि वळताना गुडघा आवरणं हे त्याचं काम. बाहेर जखम झाली की रक्त गोठतं आणि त्या आधाराने ती भरते. इथे सांध्यातला द्रव ती गाठ टिकू देत नाही, म्हणून टोकं आपोआप जुळत नाहीत. मांडीच्या हाडापासून अलगद सुटलेलं असेल तर काही सर्जन शिवतात, पण नेहमीचा मार्ग नवं बसवण्याचाच. एमसीएल सांध्याबाहेर आहे, ते बहुतेकदा ब्रेसवर भरून येतं, त्याची काळजी करू नका.

आता माझा प्रश्न, जो तुम्ही लिहिलाच नाही: गुडघा पूर्ण सरळ होतो का?

धागाकर्ता

नाही होत. टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवली की गुडघ्याखालून माझी चार बोटं आडवी जातात. दुसरा पाय पलंगाला टेकतो.

प्रतिसाद: गुडघ्याचीफिजिओ

तर मग सगळं यावर अवलंबून आहे. सूज आणि भीतीमुळे सरळ होत नसेल तर व्यायामाने रोज थोडा फरक दिसतो. पण मेनिस्कसची फाटलेली कड घडी होऊन सांध्यात अडकली असेल, दाराखाली पायपुसणं अडकावं तशी, तर कितीही व्यायाम करा, एका ठिकाणी येऊन थांबतोच. तसं असेल तर पहिल्या डॉक्टरांची घाई बरोबर आहे, कारण ती कड लवकर शिवली तर वाचते, नाहीतर कापून टाकावी लागते. अडकलेली नसेल तर दुसरे बरोबर. सुजलेल्या, आखडलेल्या गुडघ्यावर ऑपरेशन केलं की तो आखडलेलाच राहण्याची भीती असते. दोघांनाही नेमकं एवढंच विचारा: "गादी अडकली आहे का?"

प्रतिसाद: निवांत_वाचक

स्वीडनमध्ये १२१ तरुणांवर अभ्यास झाला होता, २०१० साली प्रसिद्ध झाला. काहींचं ऑपरेशन लवकर, बाकीच्यांना आधी व्यायाम आणि गरज पडली तरच ऑपरेशन. दोन वर्षांनी दोन्ही गटांच्या गुडघ्यांत खास फरक नव्हता. व्यायामवाल्या ५९ पैकी २३ जणांनी तोवर ऑपरेशन करून घेतलं होतं. थांबल्याने आभाळ कोसळत नाही, एवढंच म्हणायचंय.

प्रतिसाद: माजीखोखोपटू

पण ती कबड्डी खेळणार आहे! भरतीतलं ८०० मीटर सरळ धावणं एसीएलशिवायही जमेल कदाचित. चढाईतलं वळणं नाही जमणार. आणि गुडघा दर वेळी सटकला की गादी आणखी फाटते. ऋषभ पंतचा अपघात ३० डिसेंबर २०२२चा, त्याच्या गुडघ्याची दुरुस्ती जानेवारीत आणि तो खेळायला उतरला मार्च २०२४ मध्ये. त्याच्यामागे अख्खी फौज होती, तरी एवढा वेळ. तेव्हा यंदाची भरती डोक्यातून काढा.

धागाकर्ता (दहा दिवसांनी)

सर्वांचे आभार. दोन्ही डॉक्टरांना तोच प्रश्न विचारला. पहिल्यांनी एमआरआय पुन्हा उघडून पाहिला आणि गादी अडकलेली नाही, चीर जागेवरच आहे म्हणाले. घाई का, तर सुट्टीत उरकून जाईल म्हणून! आता दुसऱ्यांकडे आहोत. गुडघा सरळ आणि सूज शून्य झाल्याशिवाय तारीख देणार नाहीत. ऑपरेशन होणार हे नक्की, कारण बहीण कबड्डी सोडायला तयार नाही. ते झाल्यावर नऊ महिन्यांच्या आत मैदान नाही, आणि त्यातही दोन्ही मांड्यांची ताकद जवळपास सारखी झाली तरच.

यंदाची भरती गेली, हे तिला मी सांगितलं. दिवसभर बोलली नाही. संध्याकाळी स्वतःच टॉवेलची गुंडाळी घेऊन बसली. काल मोजलं, दोन बोटं जातात.

@गुडघ्याचीफिजिओ, रात्री झोपताना ब्रेस काढला तर चालतो का?