'अ‍ॅरबी' आणि 'ए अँड पी'मधलं कोवळं वय
जेम्स जॉइस आणि जॉन अपडाइक यांच्या या दोन्ही कथा एकतर्फी आकर्षणाच्याच, मग वेगळं काय, असा प्रश्न आहे. जॉइसच्या 'अ‍ॅरबी'तला (१९१४) मुलगा पडदा इंचभरच उघडा ठेवून जमिनीवर पडून आवडणाऱ्या मुलीचं दार बघत बसतो, तिला काहीतरी आणायचं म्हणून बाजारात जायला निघतो तर काकाच उशिरा घरी येतात, पोचेपर्यंत बहुतेक दुकानं बंद आणि मग स्वतःचाच राग राग. अपडाइकच्या 'ए अँड पी'तला (१९६१) किराणा दुकानात काम करणारा १९ वर्षांचा सॅमी, मॅनेजर दुकानात आलेल्या पोरींना बोलला म्हणून, तडकाफडकी नोकरीच सोडतो, आणि पोरी तोवर गेलेल्यासुद्धा! मला जॉइस जास्त भिडतो, तिथे मुलीला नावही नाही, नुसती मँगन नावाच्या मित्राची बहीण, इतकं सगळं त्या पोराच्या मनातच घडतं.