९ सेंटचा प्लॅन घेऊनही बिल दुप्पट का?
अमेरिकेत डॅलसमध्ये युनिटला ९ सेंटचा विजेचा प्लॅन घेऊनही बिल १९ सेंटच्या दराने का आलं, असा प्रश्न आहे. बहुतेक हा 'बिल क्रेडिट'वाला प्लॅन असणार. समजा, वीजवाहिन्यांच्या शुल्कासह खरा दर १९ सेंट आहे आणि १००० युनिट गाठले की १०० डॉलर सूट. बरोबर १००० युनिटला बिल ९० डॉलर, म्हणून जाहिरातीत ९ सेंट. ९९० युनिट वापरलेत तर सूट गेली, बिल १८८ डॉलर! वीज वाचवली म्हणून दंड, दुसरं काय.

'इलेक्ट्रिसिटी फॅक्ट्स लेबल'वर, म्हणजे प्लॅनच्या माहितीपत्रकावर, ५००, १००० आणि २००० युनिटचे सरासरी दर असतात. मधलाच आकडा फार कमी दिसला की सावध व्हा. तुमच्या १२ महिन्यांच्या युनिटांवर महिनावार हिशोब मांडा. घर विजेवर तापत नसेल, तर हिवाळ्यात एसी बंद झाला की वापर कोसळतो.

वीज विकणारी कंपनी कुठलीही घ्या, डॅलसमध्ये तारा ऑन्कोर या वीजवहन कंपनीच्याच. वाहिन्यांचं ते शुल्क टळत नाही.

कराराची मुदत संपण्याआधीच्या १४ दिवसांत कंपनी बदललीत तर करारभंगाचं शुल्क लागत नाही. विसरलात तर महिन्यागणिक बदलणाऱ्या, सहसा महाग दरावर ढकलतात.