घरी अभंग रेकॉर्ड करायचेत, सोपं सॉफ्टवेअर कुठलं?

काळी_पाच (सिंहगड रस्ता)
नमस्कार मंडळी. आमच्या सोसायटीच्या भजनी मंडळात मी पेटी वाजवतो, अधूनमधून गातोही. नव्या चाली मोबाइलवर रेकॉर्ड करून ग्रुपवर टाकतो, पण त्यात पेटीच ऐकू येते, शब्द बुडतात. बँकेतून निवृत्त झालोय, वेळ आहे, तेव्हा पेटी वेगळी आणि गळा वेगळा रेकॉर्ड करावा म्हणतो. विंडोजचा लॅपटॉप आहे, ८ जीबी रॅम. मुलीने यूएसबी माईक दिलाय, त्याला खाली हेडफोनचं भोक आहे. भाचा म्हणतो, एफएल स्टुडिओच घ्या. यूट्यूबवर पाहिलं तर नुसते रंगीत चौकोन आणि धडाम्-धुडूम. आमच्याकडे जिताजागता तबलजी आहे हो! फुकट किंवा स्वस्तातलं काय शिकावं?

पेठी_पुणेकर
ऑडॅसिटी. फुकट आहे. लाल बटण दाबा, गा, एमपी३ काढा. बाकी सगळी हौस.

सूरमयी
घरात कुणाचा आयपॅड असेल तर गॅरेजबँड बघा, तेही फुकट. विंडोजवर मात्र ते चालत नाही.

ठेकेदार_कोथरूड
काका, आधी भाच्याचं. एफएल स्टुडिओ बीट रचणाऱ्या पोरांना झकास आहे. पण त्याच्या सगळ्यात स्वस्त फ्रूटी एडिशनमध्ये माईकवरून रेकॉर्ड करायची सोयच नाही, त्यासाठी वरची प्रोड्यूसर एडिशन घ्यावी लागते. म्हणजे तुम्हाला जे हवंय नेमकं तेच नाही.

चाल नुसती टिपून ठेवायची तर ऑडॅसिटी पुरे. पण पेटीवर गळा चढवायचा, मग मधलाच अंतरा पुन्हा गायचा, नंतर तबलजीला बोलावून तिसरा ट्रॅक, असं सुरू झालं की रीपर नावाचं सॉफ्टवेअर बरं पडतं. बिघडलेला तेवढाच तुकडा निवडायचा आणि त्यावर परत गायचं. आधीचा टेक (म्हणजे आधी गायलेलं) शाबूत राहतो, नंतर निवांत ऐकून ठरवा कुठला ठेवायचा. जुन्या लॅपटॉपवरही पळतं. ६० दिवस सगळ्या सोयींसकट वापरून बघता येतं, पटलं तर घरगुती वापराचं लायसन ६० डॉलरला. दिसायला मात्र सरकारी फॉर्मसारखं रुक्ष. बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाला त्याची काय भीती!

उघडल्या उघडल्या रीपर मिनिटाला १२० ठोक्यांच्या लयीवर बसलेलं असतं. मेट्रोनोम (लयीची टकटक) बंद करा, तुकडे त्या लयीच्या रेघांना चिकटवणारा स्नॅपही बंद करा. भजनी ठेका आठ मात्रांचा, तो मोजणीत बसेल, पण गजराला लय चढली की क्लिक एकीकडे आणि मंडळ एकीकडे. लय पेटीने धरायची, बाकीच्यांनी तिच्या मागून यायचं. (खरं तर आधी तबलजीला बसवावं. मी तबला वाजवतो, त्यामुळे हे मत पक्षपाती समजा.) पेटी सुरू करण्याआधी लयीत चार टिचक्या रेकॉर्ड करा, म्हणजे नंतर गाताना उचलायचं कुठे ते कळतं. शेवटी कापून टाकायच्या.

गाताना स्वतःचा आवाज लॅपटॉपमार्फत ऐकू नका, तो उशिरा येतो. लॅपटॉप आवाज थोडा थोडा साठवून पुढे पाठवतो, तो साठा म्हणजे बफर. तो ५१२ सॅम्पलचा असेल तर सेकंदाला ४४,१०० सॅम्पलच्या हिशोबाने एकट्या बफरचेच जवळपास १२ मिलिसेकंद, आणि जाता-येता दोन्हीकडे. माईकच्या भोकात हेडफोन लावा, रीपरमध्ये आउटपुट म्हणून तोच माईक निवडा आणि ट्रॅकवरचं मॉनिटरिंग (गाताना आपलाच आवाज लॅपटॉपमधून ऐकवणं) बंद ठेवा. गळा थेट ऐकू येईल, पेटी मागून वाजेल.

पेटीला माईक भात्याच्या बाजूने लावू नका, फुसफुस येते. वरून, हातभर अंतरावर. आवाजाचा मीटर उणे १२ डेसिबलच्या आसपास खेळू द्या, लाल नको.

पूलावरचा_आवाज
सॉफ्टवेअर कुठलंही घ्या, गणपतीच्या आधीचे दोन महिने संध्याकाळी रेकॉर्डिंगला बसू नका. मी म्हात्रे पुलाजवळ राहतो. नदीपात्रात पथकांचा सराव सुरू झाला की ढोल आपोआप ट्रॅकवर येतो, वेगळा तबलजी लागत नाही. दुपारी १ ते ४ बसा, पंखा बंद करून. त्या वेळात बेल वाजवायची हिंमत पुण्यात कुणी करत नाही.

काळी_पाच
ठेकेदार, फार छान समजावलंत. रीपर उतरवून घेतलंय, टिचक्यांची युक्ती आज करून बघतो. एक शंका: माझ्याकडे ब्लूटूथचे हेडफोन आहेत, तेच चालतील ना?

ठेकेदार_कोथरूड
नाही हो काका. ब्लूटूथला दीडशे-दोनशे मिलिसेकंदांचा उशीर सहज होतो, पेटी ऐकून तुम्ही गाल ते मागे पडलेलं असेल. तापकीर गल्लीत साधा वायरचा घ्या, कान पूर्ण झाकणारा. नाहीतर हेडफोनमधली पेटी बाहेर झिरपून गळ्याच्या ट्रॅकवर येईल. आणि पिन बघून घ्या, माईकचं भोक ३.५ मिलिमीटरचं असेल तर जाड पिन जाणार नाही.