पिट्सबर्गची बोली: बिघडलेली नव्हे, वेगळी

अमेरिकेतल्या पिट्सबर्ग शहराची बोली म्हणजे ‘डाउनटाउन’चे ‘डाहनटाहन’ करणारी बिघडलेली इंग्रजी, हे मत मला मान्य नाही. अनेक जणांना उद्देशून वापरला जाणारा ‘यिन्झ’ आणि घर आवरण्यासाठीचा ‘रेड अप’ हे शब्द अठराव्या शतकात पश्चिम पेनसिल्व्हेनियात वसलेल्या स्कॉट-आयरिश (उत्तर आयर्लंडमधून आलेल्या, मूळच्या स्कॉटिश) कुटुंबांबरोबर आले. शिवाय ‘द कार नीड्स वॉश्ड’ (गाडी धुवायला हवी) ही ‘टू बी’ गाळलेली वाक्यरचना तिथली सुशिक्षित माणसेही सहज वापरतात. १९८० च्या दशकात पोलादाचे कारखाने बंद पडून असंख्य कामगार पोटासाठी परगावी गेले आणि त्यानंतर ही बोली शहराची ओळख म्हणून टी-शर्टांवर झळकू लागली. मात्र तरुण पिढीच्या तोंडी तो ‘डाहनटाहन’ उच्चार विरळ होत चालला आहे, याचे मनापासून वाईट वाटते.